मुक्त पाठ्यपुस्तक आणि बोलींचा प्रदेश : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

१

‘मुक्त पाठ्यपुस्तक’ हा शब्दप्रयोग मराठी शैक्षणिक व्यवहारात रूढ होऊ लागला आहे. परंतु त्यातील ‘मुक्त’ या विशेषणाचा अर्थ अद्याप स्थिरावलेला नाही. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नावात हे विशेषण येते तेव्हा ते प्रवेशाच्या अटींविषयी काही सांगते. पुस्तकांवरील हक्कांविषयी ते काहीच सांगत नाही. एखादे शासकीय पाठ्यपुस्तक संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते तेव्हा त्यालाही ‘मुक्त’ म्हटले जाते. तेथे अभिप्रेत असते ती केवळ किंमत. याहून वेगळा असा तिसरा अर्थ युनेस्कोच्या व्यवहारात आहे. ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील एका परिषदेत पुढे आली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या संस्थेच्या सर्वसाधारण परिषदेने संमत केलेल्या शिफारशीत तिची व्याख्या नोंदली गेली. त्या व्याख्येनुसार साधन विनामूल्य मिळणे पुरेसे नाही. इतरांनी ते पुन्हा वापरावे, आपल्या गरजेप्रमाणे बदलावे आणि बदललेले रूप वाटावे, अशी परवानगीही त्याबरोबर असली पाहिजे.

या तीन अर्थांची सरमिसळ हा केवळ परिभाषेचा प्रश्न असता तर त्याची चर्चा कोशकारांवर सोपवून भागले असते. पण जेथे मुलाच्या घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी आणि बाजाराची तिसरी असते, तेथे ही सरमिसळ थेट वर्गात उतरते. महाराष्ट्रात अशा प्रदेशाचे ठळक उदाहरण म्हणून नंदुरबार जिल्ह्याचा निर्देश करावा लागेल. प्रस्तुत विवेचनाचे प्रमेय थोडक्यात असे मांडता येईल : पाठ्यपुस्तक मुक्त करणे ही प्रकाशनाच्या दिवशी मुखपृष्ठामागे एक ओळ छापून उरकण्याची क्रिया नाही. पहिला पाठ लिहिण्यापूर्वी घ्यावयाच्या निर्णयांची ती मालिका आहे, आणि अक्राणीतील शिक्षकाला ते पुस्तक आपल्या मुलांसाठी बदलता येते की नाही, ही तिची कसोटी आहे.

२

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरतेचे प्रमाण ६४.३८ टक्के, म्हणजे त्या गणनेत राज्यातील सर्वांत कमी, होते. सातपुड्याच्या रांगांत पावरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली व भिलोरी, नवापूरच्या बाजूस मावची व कोकणी, तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, असे बोलींचे स्थूल चित्र काढता येते. या रेषा तालुक्यांच्या सीमांशी जुळत नाहीत, हे सांगावयास नकोच. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) पावरी, मावची, देहवाली यांची भिली गटात स्वतंत्र नोंद आहे. जनगणनेने मात्र यांपैकी बहुतेकींना ‘भिली/भिलोडी’ या एकाच शीर्षकाखाली घातले; २०११ मध्ये त्या शीर्षकाखाली देशभरातील १,०४,१३,६३७ भाषकांची मोजणी झाली. एका शीर्षकाखाली आलेल्या बोलींना एकच पुस्तक पुरेल, असा समज पाठ्यपुस्तकनिर्मितीत आढळतो. त्याचे मूळ काही अंशी या वर्गीकरणात शोधावे लागते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे तत्त्व भारतात नवे नाही. संविधानातील अनुच्छेद ३५०-अ हा १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमातील कलम २९ शक्य तेथवर मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम मानते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य असेल तेथे, हाच आग्रह आहे. तत्त्वाविषयी एवढे मतैक्य असताना पुस्तके का होत नाहीत, या प्रश्नास निधीचा अभाव आणि लेखकांचा अभाव ही दोन उत्तरे नेहमी दिली जातात. ती खोटी नाहीत. पण त्यांच्यामागे तिसरे एक कारण उभे आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. हाती असलेले पुस्तक बदलण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, हे ते कारण होय.

३

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाले. मराठी बालवाचकांच्या अनेक पिढ्यांवर या संस्थेचे ऋण आहे, आणि तिची पुस्तके आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, ही गोष्टही लहान नव्हे. परंतु त्याच पुस्तकांच्या आरंभीच्या पानावर सर्व हक्क मंडळाकडे राखून ठेवल्याचे आणि लेखी परवानगीवाचून कोणताही भाग उद्धृत न करण्याचे निवेदन असते. पुस्तक घरी नेण्यास दार सताड उघडे, पण त्यातील एक परिच्छेद पावरीत उतरवून शेजारच्या दहा शाळांना छापून देण्यास बंद, अशी ही स्थिती आहे. वर्गात तोंडी भाषांतर करून सांगणाऱ्या शिक्षकाला कोणी अडवीत नाही. अडचण येते ती त्याचे श्रम कागदावर उतरतात आणि दुसऱ्या शिक्षकाच्या उपयोगी पडू पाहतात तेव्हा. परिणाम असा की हे काम शिक्षकागणिक पुन्हा प्रथमपासून केले जाते, आणि बदलीच्या आदेशाबरोबर शाळेतून निघून जाते.

येथे कोणी १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमातील शैक्षणिक अपवादाचा दाखला देईल. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रतिकृती कलम ५२ अन्वये हक्कभंग ठरत नाही, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानासंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा उदार अर्थ लावला. परंतु त्या खटल्याचा विषय होता मूळ पानांची प्रत. भाषांतरित व रूपांतरित पुस्तकाचे जिल्हाभर वितरण हा त्याहून निराळा प्रश्न आहे. अपवादाच्या आधाराने वर्ग चालवता येतो. अपवादाच्या आधाराने पुस्तकांची परंपरा उभी करता येत नाही. त्यासाठी हक्कधारकाने स्वेच्छेने दिलेला परवाना लागतो. केंद्र शासनाने २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू करताना असा परवाना तत्त्वतः स्वीकारला. राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी तो का स्वीकारू नये, याचे समाधानकारक उत्तर उपलब्ध नाही.

४

परवान्याची निवड हा पुष्कळदा कारकुनी तपशील समजला जातो. वस्तुतः पुस्तकाचे पुढील सारे आयुष्य तेथेच ठरते. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने २००२ च्या अखेरीपासून प्रचारात आहेत. त्यांपैकी ‘फेरफार नको’ या अटीचा परवाना बोलींच्या प्रदेशात निरुपयोगीच म्हटला पाहिजे. कारण त्या परवान्यांच्या परिभाषेत भाषांतर हाही फेरफारच होय. ‘व्यापारी उपयोग नको’ ही अट वरकरणी सात्त्विक वाटते. पण धडगावच्या बाजारातील छायाप्रतीच्या दुकानदाराने पैसे घेऊन प्रती काढल्या तर तो व्यापारी उपयोग ठरतो काय? अमेरिकेत नेमका हाच वाद न्यायालयात गेला. आपले गणिताचे साहित्य शाळांसाठी पैसे घेऊन छापून दिल्याबद्दल ग्रेट माइंड्स या संस्थेने फेडएक्स ऑफिस या मुद्रण-दुकानांच्या कंपनीवर दावा केला. २०१८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने दुकान हे शाळेचे केवळ साधन होय असा निर्वाळा देऊन तो फेटाळला. निकाल योग्यच लागला. पण ज्या अटीचा अर्थ लावण्यास अपील न्यायालयाची पायरी चढावी लागते, ती अट डोंगरातील एकशिक्षकी शाळेच्या पुस्तकावर लादणे शहाणपणाचे ठरत नाही. श्रेय द्यावे आणि रूपांतरही त्याच अटींवर इतरांना खुले ठेवावे, एवढ्या दोन अटी येथे पुरेशा आहेत. दुसऱ्या अटीमुळे कोणा प्रकाशकाला लोकांचे काम घेऊन ते पुन्हा कुलपात ठेवता येत नाही.

याहून सूक्ष्म असा एक धोका लेखकांशी व चित्रकारांशी होणाऱ्या करारात दडलेला आहे. भारतीय अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. उलट क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना जगभर लागू असतो आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही. म्हणजे ज्या संस्थेकडे चित्रांचे हक्क पाच वर्षांपुरतेच आले आहेत, ती संस्था ती चित्रे कायमची मुक्त केल्याचे जाहीर करते तेव्हा आपल्यापाशी नसलेली वस्तू ती दान करीत असते. सहाव्या वर्षी चित्रकाराने हरकत घेतली, तर मूळ संस्थेबरोबरच त्या पुस्तकावरून मावची वा देहवाली आवृत्ती काढणारा दूरचा शिक्षकही अडचणीत येतो. पुस्तकाच्या मुक्ततेची मुळे त्याच्या करारपत्रांत असतात, असे म्हणणे यासाठी प्राप्त होते.

हेच उद्धृत साहित्याविषयी. शहादा परिसरातील कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाने भिलोरी कवितेला पुस्तकरूप दिले. अशा कवितेला पाठ्यपुस्तकात स्थान मिळावे, याविषयी दुमत होऊ नये. पण आधुनिक कवीची कविता ही त्या कवीची मालमत्ता आहे; आदिवासी साहित्य म्हणजे लोकसाहित्य आणि लोकसाहित्य म्हणजे निनावी, या घातक समीकरणाने तिला परस्पर ‘मुक्त’ करणे हा अन्याय होईल.

५

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. बोलीतील पाठ्यपुस्तकाची आजवरची प्रचलित रीत म्हणजे प्रमाण मराठीतील तयार पाठाचे बोलीत भाषांतर. या रीतीत बोली ही मराठीकडे नेणारी शिडी ठरते; पाठातील घर, सण, पीक, नातेसंबंध आणि विनोद हे सारे मराठीच राहते. मुलाला शब्द ओळखीचे वाटतात आणि जग अनोळखी राहते. या रीतीला छेद देणारा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला आहे. सरदार सरोवराच्या बुडिताने महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. १९९० च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाच्या आश्रयाने त्या खोऱ्यात जीवनशाळा निघाल्या, आणि तेथील शिक्षकांनी पावरी व भिलोरीत वाचनाची पुस्तके तयार केली. या पुस्तकांचे महत्त्व भाषिक तितकेच पद्धतीविषयक आहे; कारण त्यांत पाठ प्रथम बोलीत सुचला आणि लिहिणारा त्या बोलीचा भाषक होता. आंदोलनाच्या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, पाठ्यपुस्तकनिर्मितीच्या अभ्यासकाला हा प्रयोग डावलता येणार नाही.

बोलीत पाठ सुचला तरी तो लिहावयाचा कसा, हा प्रश्न उरतोच. भिली गटातील अनेक बोलींत सकाराचे हकारात आणि चकाराचे सकारात परिवर्तन होते, ही गोष्ट ग्रिअर्सनच्या काळापासून ज्ञात आहे. अशा बोलीत ‘सात’ या संख्येचा उच्चार मराठी कानाला ‘हात’ असा ऐकू येतो. प्रमाण मराठीत शिकलेला शिक्षक येथे मुलाचे चुकले असे समजून दुरुस्ती करतो. वास्तविक मुलाने आपल्या बोलीचा एक नियम निरपवादपणे पाळलेला असतो. पुस्तकाने उच्चाराप्रमाणे लिहावे तर शेजारच्या खोऱ्यातील मुलाला ते परके वाटते. मराठीच्या जवळ राहावे तर बोली लिहिण्याचे प्रयोजनच संपते. यास एकच कायमचे उत्तर नाही, आणि म्हणूनच येथे मुक्त परवान्याचे मोल वाढते. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांची मराठी तपासली जाऊ लागली, तेव्हा छापील पुस्तक हे प्रमाणीकरणाचे हत्यार झाले. त्यातून गद्य मराठीला स्थैर्य लाभले. परंतु अहिराणीसह अनेक बोली पुस्तकाच्या दाराबाहेर राहिल्या. छपाई महाग होती, एकच आवृत्ती निघणे शक्य होते, म्हणून एकच रूप निवडावे लागले. आता ती सक्ती उरलेली नाही. एका पाठाची पावरी, देहवाली व मावची रूपे समांतर ठेवता येतात, आणि खोऱ्याखोऱ्याने त्यांत दुरुस्ती होऊ शकते. बेंगळुरूच्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या उपक्रमात याचे लहान प्रमाणावरील प्रात्यक्षिक पाहावयास मिळते : कथा, चित्रे व अनुवाद यांचे श्रेय वेगवेगळे नोंदलेले, आणि कोणत्याही वाचकाला नवी भाषा जोडण्याची मुभा. त्याची मर्यादाही नोंदली पाहिजे. सुटी गोष्ट ही वाचनाची गोडी लावते. क्रमाने चढत जाणाऱ्या अभ्यासक्रमाची जागा ती घेऊ शकत नाही.

६

परवाना योग्य, बोली योग्य, आणि तरीही पुस्तक बदलता येत नाही, असा प्रकार संभवतो. त्याचे कारण पुस्तकाची मूळ प्रत. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. पण दुसरीकडे उतरवताच त्याची रोमन अक्षरांची निरर्थक रास होते. अशा पुस्तकाचे रूपांतर करणाऱ्याला ते आरंभापासून पुन्हा टंकित करावे लागते. मराठीला आवश्यक असलेला ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आला. राज्य शासनाने देवनागरी वर्णमालेच्या लेखनाविषयीचा निर्णय २००९ मध्ये काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारून घेतला. प्रमाण मराठीची ही व्यवस्था होण्यास एवढा काळ लागला, तर पावरीच्या लेखनाचे संकेत पहिल्याच आवृत्तीत निर्दोष ठरतील अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे. साध्या मराठीतही सदोष टंकामुळे सातपुड्याच्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो. म्हणून परवान्याबरोबर संपादनयोग्य मूळ प्रत, चित्रांच्या सुट्या प्रती आणि लेखनसंकेतांचे एक टिपण वाचकाच्या हाती देणे हा पुस्तकाचाच भाग समजला पाहिजे. विशेषतः ते टिपण मोलाचे आहे. कोणता उच्चार कोणत्या वर्णाने दाखविला आणि का, हे कळल्याशिवाय पुढच्या रूपांतरकाराला जाणीवपूर्वक फेरबदल करता येत नाही.

७

मुक्ततेचा एवढा पुरस्कार केल्यानंतर तिची एक मर्यादाही मांडणे कर्तव्य ठरते. स्वामित्वहक्काचा कायदा लिहिणाऱ्याला ओळखतो, सांगणाऱ्याला ओळखत नाही. काठीच्या होळीची कथा, धान्य पेरण्याच्या वेळचे गाणे, वनस्पतींचे गुण यांचे ज्ञान ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांकडून टिपून घेतले जाते, त्यांचा कायद्याच्या दृष्टीने त्या पानावर हक्क नसतो; हक्क टिपणाऱ्या संशोधकाचा. तो संशोधक उदारपणे ते पान जगाला मुक्त करतो, तेव्हा औदार्य त्याचे आणि संपत्ती दुसऱ्याची, असा व्यवहार होतो. देवकार्याशी निगडित असलेली कथा विशिष्ट दिवसांतच सांगावी, विशिष्ट व्यक्तीनेच सांगावी, असे संकेत मौखिक परंपरेत असू शकतात. परत न घेता येणारा परवाना हे संकेत जाणत नाही. या उणिवेची दखल घेऊन ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या २०१० पासूनच्या उपक्रमाने पारंपरिक ज्ञानासाठी निराळी चिन्हे योजिली आहेत. त्यांना परवान्याचे कायदेशीर बळ नाही. समाजाची अपेक्षा वाचकासमोर ठेवणे एवढेच त्यांचे कार्य. नंदुरबारसाठी पुस्तक सिद्ध करणाऱ्यांनी ही चिन्हे जशीच्या तशी उचलावीत असे नाही. पण त्यांमागील प्रश्न टाळता येणार नाही. काय मुक्त करावयाचे आणि काय पुस्तकाबाहेर ठेवावयाचे, याचा निर्णय संपादकाच्या मेजावर न होता ज्या गावातून ती सामग्री आली त्या गावात, त्याच बोलीत, आणि परवान्याचा न फिरणारा परिणाम समजावून सांगून झाला पाहिजे. निवेदकांची नावे द्यावयाची की नाहीत, हेही त्यांनाच विचारले पाहिजे; कोणाला श्रेय हवे असेल, कोणाला गोपनीयता.

विद्यापीठीय भाषाविभागांपुढे यातून एक स्पष्ट कार्य उभे राहते. बोलींच्या अभ्यासावर दरवर्षी प्रबंध लिहिले जातात. त्यांत ध्वनिव्यवस्था, शब्दसंग्रह आणि कथासंहिता असतात. या सामग्रीचा मोठा भाग ग्रंथालयाच्या कपाटात राहतो. ज्या मुलांच्या घरांतून ती गोळा झाली त्यांच्या शाळेपर्यंत ती पोहोचत नाही, कारण ती पोहोचविण्याजोग्या परवान्याने व स्वरूपाने सिद्धच केलेली नसते. क्षेत्रीय कामास निघण्यापूर्वीच निवेदकांची संमती, परवाना, लेखनसंकेत आणि मूळ प्रतीचे स्वरूप ठरवून घेतले, तर प्रबंध आणि पहिलीचे वाचनपुस्तक यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. हे अंतर जोवर राहील तोवर विनामूल्य पुस्तके वाढतील, त्यांची पाने पडद्यावर उलटली जातील, आणि अक्राणीतील मूल ‘सात’ला ‘हात’ म्हटल्याबद्दल चुकीचे ठरत राहील.